हिंवाळ्यांतील मांजर व राखणीचें कुत्रें

पौषांत बालाघाटाच्या पठारावर रात्रीं थंडी बोंचते. गुरांस गोठा असतो. धान्य राखणारें मांजर व शेत राखणारें कुत्रें मात्र उघड्यावर राहतात. त्यांतहि बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास सहकुटुंब पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत गेले म्हणजे मागें राहिलेल्या या जीवांस बहुधा वाली उरत नाहीं. त्यांची सोय शेजारच्या शेतकऱ्यानें करावी, असें आमचें मत आहे.

जुनें लहान खोकें विटांवर ठेवून त्याचें तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस करावें व आंत गव्हाचें कोरडें काड भरावें. गोणपाट दंव शोषून उलट गार पडतें. काडांत हवा कोंडून अंगची ऊब टिकते. मोठें खोकें तापत नाहीं. सायंकाळीं भाकरतुकडा अवश्य घालावा. ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वीं पुढील झांकणावर थाप मारावी; यंत्राच्या उबेस मांजर आंत शिरून बसतें.