कळवळा व दोन दीनार

शास्त्रपाठ : लूक १० : २५-३७. सोबत वाचावे : लूक ९ : ५१-५६, याकोब २ : १४-१७.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या मंडळ्यांत लहान मुलांसही तोंडपाठ आहे. परंतु जे तोंडी पाठ असते तेच पुष्कळदा आचरणात मागे राहते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून या आठवड्यात तोच दाखला पुन्हा हाती घेऊ, आणि प्रभूने शिकविलेली दया आपल्या घरीदारी, पाणवठ्यावर व शेताच्या बांधावर कशी दिसावी, याचा विचार करू.

१. वाट. यरुशलेम समुद्रसपाटीहून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे, आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे आठशे फूट खाली आहे. ही वाट ओसाड डोंगरांतून उतरते. चोरांस लपावयास ती सोईची होती. तेथे थांबणे म्हणजे जिवाचा धोका पत्करणे. याजक व लेवी का थांबले नाहीत, हे प्रभूने सांगितले नाही. त्यांस भय वाटले असेल, किंवा प्रेतास शिवल्याने विटाळ होईल अशी शंका आली असेल. कारण काहीही असो, दोघांनी पाहिले व दोघेही दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्यांनी त्या मनुष्यास मारले नव्हते की लुटले नव्हते. तरी ते दोषी ठरले; कारण वाईट करणे हे जसे पाप, तसे करावयाचे चांगले न करणे हेही पापच होय.

२. कळवळा. शोमरोन्याने त्यास पाहिले, आणि त्याला कळवळा आला. येथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तो आतड्यांच्या नावावरून बनला आहे. आपल्याकडे लेकराचे दुःख पाहून आईचे आतडे तुटते म्हणतात, तोच हा भाव. लूकाने हाच शब्द आणखी दोन ठिकाणी वापरला आहे : नाईन गावच्या विधवेस पाहून प्रभूला जे वाटले त्याविषयी (७ : १३), आणि उधळ्या पुत्रास दुरून पाहून बापाला जे वाटले त्याविषयी (१५ : २०). यावरून असे दिसते की, जो कळवळा देवाला आपल्याविषयी आला, तोच आपल्याला शेजाऱ्याविषयी यावा. आधी आपण घायाळ होतो. आपणांस उचलले गेले. हे जो विसरला त्याची दया फार दिवस टिकत नाही.

३. हात. कळवळा पोटातच राहिला असता तर तो घायाळ मनुष्य वाटेवरच मेला असता. शोमरोन्याने जवळ जे होते तेच काढले : तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचे जनावर. पुढे उतारशाळेवाल्यास दोन दीनार दिले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २० : २). शिवाय, अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असेही तो बोलला. त्याने आजचीच नव्हे, तर उद्याचीही काळजी वाहिली.

या उद्याच्या काळजीचे उदाहरण आपल्याच देशात आहे. पंडिता रमाबाईंनी १८७६ च्या आगेमागे दुष्काळात आईबाप व बहीण गमावली होती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, आणि उपाशी व निराधार अशा शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावी आणल्या. १९०० साली गुजराथेतील दुष्काळातही तसेच झाले. परंतु बाईंनी केवळ भाकर दिली नाही. त्या मुलींस लिहिणे-वाचणे, विणकाम, शेतकाम, छापखान्याचे काम शिकविले, की त्यांनी पुढे स्वतःच्या पायांवर उभे राहावे. भाकर हे जखमेवरचे तेल. शिक्षण हे दुसऱ्या दिवसाचे दोन दीनार.

कोणी म्हणेल, "बाई विदुषी होत्या, आम्ही गरीब मजूर काय करणार?" बंधूंनो, आजाऱ्याच्या घरी घागरभर पाणी नेऊन ठेवणे, विधवेच्या शेतात एक दिवस खुरपणे, अडाण्याचा अर्ज लिहून देणे, यांस विद्वत्ता लागत नाही.

४. शेजारी कोण? ही गोष्ट सर्वांत कठीण आहे. या दाखल्याच्या आधीच्याच अध्यायात शोमरोन्यांच्या एका गावाने प्रभूला उतरावयास जागा दिली नाही. याकोब व योहान संतापले. आकाशातून अग्नी पाडावा असे त्यांस वाटले. प्रभूने त्यांस धमकाविले. आणि पुढच्याच अध्यायात, ज्या लोकांनी दार लावले, त्यांच्यातलाच एक त्याने आपणांपुढे कित्ता म्हणून ठेविला!

आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस विहिरीवरून हाकलले होते. ते दुःख खरे आहे. ते विसरा असे आम्ही म्हणत नाही, आणि न्याय मागू नका असेही म्हणत नाही. परंतु त्याच विहिरीच्या मालकाच्या घरी आज तापाने माणूस पडला, तर आपण कोणत्या बाजूने जाणार?

आणि घरातही पाहू. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. तरी एकाच मंडळीत, पूर्वी अमुक जातीचे म्हणून एखाद्या कुटुंबाकडे जेवावयास जाण्यास कोणी कचरत असेल, तर प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येण्यापूर्वी त्याने आपले मन तपासावे. ज्याने दुसऱ्याचा तिरस्कार सोसला, त्यानेच तिसऱ्याचा करावा, यापेक्षा मोठी खंत कोणती?

उपदेशक बंधूंस एक सूचना. दया हे गळाचे आमिष नव्हे. शोमरोन्याने पट्टी बांधण्यापूर्वी त्या मनुष्याचा धर्म विचारला नाही, नंतरही काही मागितले नाही. साक्ष अवश्य द्यावी. परंतु औषध देताना तिची किंमत लावू नये.

विचारावयाचे प्रश्न :
(१) शास्त्र्याने विचारले, माझा शेजारी कोण? प्रभूने उलट काय विचारले? दोन्ही प्रश्नांत काय भेद आहे?
(२) गेल्या आठवड्यात आपण कोणास पाहून बाजूने गेलो?
(३) आपल्या मंडळीने उद्याची काळजी घ्यावी असे गावात कोण आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी द्यावे, आणि पुढील रविवारापूर्वी दोघांनी मिळून त्या घरी जावे. दाखल्याच्या शेवटी प्रभूने शास्त्र्यास "समजून घे" एवढेच सांगितले नाही. जाऊन तसेच करावयास सांगितले. प्रभू आपणां सर्वांस तसे करण्याची कृपा देवो.