घरातील मुका रुग्ण : ससा, गिनीपिग आणि चिंचिला

बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण आपले दुखणे सांगू शकत नाही. दूध किती प्यायले, लघवी किती वेळा झाली, वजन वाढले की घटले, या साध्या प्रश्नांवरच आमचे निम्मे निदान उभे असते. हीच पद्धत घरात पाळलेल्या लहान प्राण्यालाही लागू पडते, हे मला उशिरा आणि एका चुकीनंतर कळले.

हातोदच्या एका घरातील आठ वर्षांची मुलगी माझी नेहमीची रुग्ण. एकदा तिच्या आईचा दूरध्वनी आला, "डॉक्टरसाहेब, हिच्या गिनीपिगने कालपासून काही खाल्ले नाही, नाकातून पाणी येते. हिला परवा दिलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिनमधले थोडे पाजले तर चालेल का?" मी वजनाचा हिशेब करून मात्रा सांगितली. तिसऱ्या दिवशी त्या प्राण्याला जुलाब सुरू झाले, चौथ्या दिवशी तो दगावला. पुढच्या भेटीत मुलीने विचारले, "डॉक्टरकाका, औषध देऊनही तो का गेला?" बहुधा औषधामुळेच गेला, हे उत्तर मी तिच्या आईसमोर तिला दिले. त्यानंतर या विषयाचा जो अभ्यास केला, त्याचे सार येथे मांडतो.

ससा, गिनीपिग आणि चिंचिला यांचे पचन आतड्यातील उपयुक्त जीवाणूंवर अवलंबून असते. तोंडावाटे पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन दिल्यास हे जीवाणू नष्ट होतात, क्लॉस्ट्रिडियमची बेसुमार वाढ होते आणि त्याच्या विषाने प्राणी काही दिवसांत मरू शकतो. माणसातही प्रतिजैविकांनंतर होणारा आतड्याचा दाह आपण पाहतो. येथे तो बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणून बालकाच्या औषधाची मात्रा वजनाने कमी करून प्राण्याला देणे सर्वथा वर्ज्य समजावे.

आजार ओळखण्यासाठी पुढील पाच गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१) खाणे आणि लेंड्या : या प्राण्यांचे आतडे सतत चालू राहावे लागते. बारा तास खाणे बंद असेल, किंवा लेंड्या लहान, थोड्या अथवा बंद झाल्या असतील, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. पाठ वाकवून कोपऱ्यात बसणे आणि दात करकरणे ही पोटदुखीची चिन्हे होत.

२) दात : तिघांचेही दात जन्मभर वाढतात आणि वाळलेले गवत चावूनच झिजतात. हनुवटी लाळेने ओली राहणे, खावेसे वाटूनही घास टाकून देणे, हा दातांचा आजार असू शकतो. केवळ पोळी, बिस्किटे आणि दाणे यांवर वाढवलेल्या प्राण्यांत तो विशेष संभवतो.

३) वजन : दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून वहीत नोंदवावे. दहा टक्के घट ही धोक्याची सूचना होय. दाट केसांखालचा अशक्तपणा डोळ्यांना दिसत नाही.

४) श्वास आणि उष्णता : हे प्राणी नाकाने श्वास घेतात, तोंड उघडून श्वास घेणे हे गंभीर लक्षण आहे. चिंचिला हा अँडीज पर्वतातील थंड, कोरड्या हवेचा प्राणी. १९२३ मध्ये चॅपमन नावाच्या खाण अभियंत्याने चिलीतून काही चिंचिला कॅलिफोर्नियात नेले, आणि पुढे त्यांचे पालन इतरत्र पसरले. त्याला २७ अंशांपुढची उष्णता सोसत नाही. मग माळव्यातील चाळीस अंशांचा मे महिना त्याने कसा काढावा? वातानुकूलित खोलीची सोय नसेल, तर मुलाने कितीही हट्ट धरला तरी तो आणू नये. उष्माघातात प्राणी आडवा पडतो, धापा टाकतो. त्याला गार फरशीवर ठेवावे, कानांना ओलसर कापड लावावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, आणि तातडीने पशुवैद्याकडे न्यावे.

५) त्वचा आणि सांधे : नाकाडोळ्यांभोवती केस गळून खवले दिसल्यास गजकर्णाचा संशय घ्यावा, तो मुलांनाही होतो. म्हणून मुलाच्या अंगावर गजकर्ण दिसल्यास घरातील प्राण्याची चौकशी करावी. गिनीपिगला आपल्याप्रमाणेच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. तो लंगडू लागला किंवा उचलताच किंचाळला, तर स्कर्व्हीची शंका घ्यावी. रोज शिमला मिरची, कोथिंबीर किंवा पेरूची लहान फोड दिल्यास हा आजार टळतो.

पशुवैद्याकडे नेताना प्राण्याला गवत अंथरलेल्या हवेशीर खोक्यात न्यावे. ताज्या लेंड्या, वजनाची वही आणि आहाराची माहिती सोबत असावी. पोट फुगले असल्यास बळेच भरवू नये. आपल्या भागासाठी महू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय हा जवळचा आधार आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. अशा दूरध्वनीवर मैत्रीखातरही औषध सांगू नये. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानेही हे काम नोंदणीकृत पशुवैद्याचेच आहे. "आजच पशुवैद्याकडे न्या" एवढे एकच वाक्य त्या दिवशी मी उच्चारले असते, तर तो लहानसा जीव कदाचित वाचला असता. आपल्याला काय येत नाही हे वेळेवर ओळखणे, हाही वैद्यकाचाच एक भाग आहे.