दिवा दिसू नये, उजेड दिसावा



बडा गणपतीला दर्शन घेताना उघडा बल्ब डोळ्यांसमोर आला तर काय होते? उजेड भरपूर असूनही मूर्ती नीट दिसत नाही.

डेन्मार्कचे पॉल हेनिंगसन (१८९४–१९६७) यांनी यावरच उपाय शोधला. १९२०च्या दशकात त्यांनी एकाखाली एक तीन छत्र्यांचा दिवा केला. बल्ब आत लपतो आणि छत्र्यांवरून परतलेला उजेड सौम्य होऊन पसरतो. पुढे १९५०च्या सुमारास त्या भागात पितळ व काचेची झुंबरे लोकप्रिय झाली. त्यांत पितळ भार पेलते, दुधी काच उजेड विखुरते.

आपल्या इंदूरलाही असा विचार झाला होता. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या माणिकबाग राजवाड्यासाठी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांनी १९३०च्या सुमारास वाचनाच्या खुर्च्यांतच दिवे बसवले. तेथील बरेच सामान १९८० साली मोनॅकोत लिलावात विकले गेले. वस्तू गेल्या, पण धडा आपल्याजवळ आहे.

गृहपाठ : अभ्यासाला बसल्यावर बल्ब थेट डोळ्यांत येतो का, ते पाहा. येत असेल तर आईबाबांच्या मदतीने दिव्याची जागा बदला. उजेड वहीवर पडावा, डोळ्यांवर नव्हे.