कोऱ्या दिवसांचा हिशेब

धान्याच्या पेढीवर रोजकीर्द लिहिण्याची जी जुनी रीत होती, तीत एक गोष्ट न सांगता होऊन जात असे. दुकान बंद असो, दिवसभरात एक पोते हललेले नसो, तरी त्या दिवसाची तिथी व तारीख मांडून तिच्यापुढे ‘निरंक’ असे लिहिले जाई आणि मागील शिल्लक खाली ओढली जाई. कीर्दीची पाने चाळणाऱ्यास कोरा दिवसही डोळ्यांना दिसे. आता बहुतेक पेढ्यांवर कीर्दीची जागा संगणकाने घेतली आहे व त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ‘निरंक’ लिहिण्याचा संस्कार त्या यंत्रास उपजत नाही. ज्या दिवशी व्यवहार झाला त्या दिवसाची ओळ त्याच्या तक्त्यात असते; ज्या दिवशी झाला नाही, तो दिवस त्याच्या लेखी उगवलाच नाही. या उणिवेने व्यापाऱ्याची फसगत कशी होते व ती टाळण्यासाठी तारखांची अखंड माळ यंत्राकडून कशी करवून घ्यावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सन २०२४ चा नोव्हेंबर महिना घ्या. दिवस ३०. चार रविवार, दिवाळीची सुट्टी व इतर बंद मिळून समजा आठ दिवस पेढी उघडली नाही, आणि उरलेल्या २२ दिवसांत ६६० क्विंटल ज्वारी विकली गेली. संगणकास रोजची सरासरी विक्री विचारली, तर तो आपल्याजवळच्या २२ ओळींनी भागून ३० क्विंटल असे उत्तर देतो. महिन्याच्या दिवसांनी भागले तर ती २२ क्विंटल येते. पहिला आकडा खोटा नव्हे. हमाल व गाड्या किती लागतील हे ठरविण्यास तोच उपयोगी. परंतु गुदामातील ४४० क्विंटल माल कोणत्या तारखेपर्यंत पुरेल हे त्याच आकड्यावरून काढले, तर जेमतेम पंधरा दिवस दिसतात. वस्तुतः माल वीस दिवस पुरणार असतो. पाच दिवस अगोदर केलेल्या खरेदीत पाच दिवसांचे व्याज आणि गुदामभाडे फुकट जाते, हे आमच्या व्यवसायबंधूंस सांगावयास नको.

व्याजाच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिक बोचते. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर समजा १ तारखेस येणे १० लक्ष रुपये होते. ५ तारखेस भरणा होऊन ते ६ लक्ष झाले. २१ तारखेस उचल होऊन ८ लक्ष झाले. तक्त्यात ओळी तीनच. तिन्हींची सरासरी ८ लक्ष येते व दरसाल दरशेकडा १२ प्रमाणे तीस दिवसांचे व्याज ७,८९० रुपये होते. पण कटमितीची सवय असलेला कोणीही मुनीम असे करणार नाही. तो १० लक्ष चार दिवस, ६ लक्ष सोळा दिवस व ८ लक्ष दहा दिवस असे अंक काढील. बेरीज २१६ लक्ष, सरासरी ७ लक्ष २० हजार, आणि व्याज ७,१०१ रुपये. एका महिन्यात, एका खात्यावर, ७८९ रुपयांचा फरक पडला. मुनीम दिवस मोजतो, यंत्र ओळी मोजते. यास्तव प्रत्येक दिवसाची ओळ यंत्रासमोर ठेवणे हाच उपाय उरतो.

माहितीच्या साठ्यास रीतसर भाषेत विचारलेल्या प्रश्नास ‘क्वेरी’ म्हणतात. पोस्टग्रेस नावाच्या प्रणालीत या कामासाठी ‘जनरेट सिरीज’ हे तयार साधन आहे. त्यास आरंभाची तारीख, अखेरची तारीख व ‘एक दिवस’ हे अंतर सांगितले की दोन्ही टोकांच्या तारखा धरून सारी माळ मिळते. जेथे असे साधन नाही तेथे ‘विथ रिकर्सिव्ह’ची युक्ती करावी. १९९९ च्या एसक्यूएल मानकात ती आली व पुढे बहुतेक प्रणालींनी स्वीकारली. मायएसक्यूएलमध्ये मात्र ती २०१८ साली निघालेल्या आठव्या आवृत्तीपासून मिळू लागली. तिची रचना पाढ्यासारखी आहे. प्रथम आरंभाची तारीख सांगावयाची. मग ‘हाती असलेल्या तारखेत एक दिवस मिळवा’ असे सांगावयाचे. आणि कोठे थांबावे याची अट घालावयाची. ही अट ‘हातची तारीख अखेरच्या तारखेहून अलीकडची असेल तोवर’ अशी असावी. ‘अलीकडची किंवा तीच’ असे लिहिले, तर अखेरच्या तारखेतही एक दिवस मिळविला जातो व ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षात १ एप्रिल येऊन बसतो.

दुसरी अडचण मर्यादेची. एसक्यूएल सर्व्हर ही प्रणाली, निराळे सांगितले नाही तर, शंभर आवर्तनांनंतर थांबून चूक दाखविते; मायएसक्यूएल हजारानंतर. त्यामुळे एक महिन्यावर तपासलेली क्वेरी वर्षअखेरीस अडते, किंवा एका वर्षावर तपासलेली तीन वर्षांच्या ताळ्यास अडते. मर्यादा वाढविण्याची सोय दोहोंतही आहे. ज्यांस ही खटपट नको, त्यांनी शून्य ते नऊ असे दहा अंक एका तक्त्यात ठेवून तो तक्ता तीनदा आपल्याशीच गुणावा. एकं, दहं, शतं मिळून शून्य ते ९९९ असे हजार आकडे होतात. तेवढे दिवस आरंभाच्या तारखेत मिळवीत गेले की माळ तयार.

माळ झाल्यावर तिला विक्रीचा तक्ता जोडावयाचा. ही जोडणी ‘लेफ्ट जॉइन’नेच करावी व माळ डावीकडे ठेवावी, म्हणजे विक्री नसलेली तारीखही टिकते. येथे पुष्कळ जाणती मुले ठेचकाळतात. जोडणी बरोबर करतात आणि मग ‘माल ज्वारी असावा’ ही अट शेवटी ‘व्हेअर’मध्ये लिहितात. कोऱ्या दिवशी मालाचे नावच नसल्याने तो दिवस त्या अटीत बसत नाही व मोठ्या कष्टाने आणलेले आठही दिवस पुनः नाहीसे होतात. ही अट जोडणीच्या ‘ऑन’मध्ये लिहावी. तसेच पावत्या मोजताना नुसत्या ओळी मोजू नयेत, पावतीचा क्रमांक मोजावा. नाहीतर कोऱ्या दिवशी एक पावती फाटल्याचे दिसेल!

आता कोऱ्या जागेत काय लिहावे? संगणकाची पुस्तके हा प्रश्न एका ओळीत उरकतात, आणि आमच्या मते खरा व्यापार येथेच आहे. विक्रीच्या रकान्यात शून्य लिहावे, कारण त्या दिवशी काही विकले नाही हे आपणांस निश्चित ठाऊक असते. शिलकेच्या रकान्यात शून्य लिहिणे म्हणजे गुदाम जळाले असे म्हणणे. तेथे मागील ज्ञात शिल्लक पुढे ओढावी. भावाचे काय? रविवारी बाजार भरला नाही, म्हणजे रविवारी भाव शून्य नव्हता आणि शनिवारचाच होता असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. भाव झालाच नाही. तो रकाना कोराच ठेवावा. शनिवारचा भाव रविवारी चढविला, तर महिन्याच्या सरासरीत शनिवार दुप्पट मोजला जातो. ‘कोरे तेथे शून्य’ असा एकच हुकूम सर्व रकान्यांस लावणाऱ्या कारागिरास हे तीन भेद पेढीवाल्यानेच समजावून दिले पाहिजेत.

मुदतीच्या मोजणीत तर कायद्याचाच संबंध येतो. डाळमिलसारख्या नोंदणीकृत लघुउद्योगाकडून माल घेतल्यास, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यान्वये, लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे मुदत चालत नाही. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून तर मुदत चुकलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्ची धरली गेली नाही. हे ४५ दिवस पंचांगाचे आहेत, पेढी उघडी असल्याचे नव्हेत. आठवड्याला सहा ओळी असलेल्या तक्त्यात ४५ ओळी मोजणाऱ्याचे ५२ दिवस होतात. रविवारी पैसे जात नाहीत ही सबबही उरलेली नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून व आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू आहे.

ज्यांस हे वारंवार लागते त्यांनी दर वेळी माळ न ओवता ती एकदाच करून कायमच्या तक्त्यात ठेवावी. १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०३० या दहा वर्षांस ३,६५२ ओळी पुरतात. यंत्रास ते ओझे नव्हे. प्रत्येक तारखेपुढे वार, आर्थिक वर्ष, बाजार बंद की चालू, बँक बंद की चालू असे रकाने ठेवावे. बँकांना सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते. तेवढे यंत्र स्वतः ठरवील. तिथीचा रकाना मात्र ‘एक मिळवा’ म्हणून भरता येत नाही. चांद्रमासाच्या तीस तिथी सुमारे साडेएकोणतीस दिवसांत बसावयाच्या. त्यामुळे एखाद्या तिथीस सूर्योदयच लाभत नाही व तिचा क्षय होतो, एखादीस दोन सूर्योदय लाभून वृद्धी होते. पाडव्यास वही बदलणाऱ्या व चतुर्दशी पाळणाऱ्या आमच्या समाजास हा रकाना हवाच. पण जोडणी तारखेवरच करावी, तिथीवर करू नये. वृद्धी झालेल्या तिथीस जोडणी केली तर त्या दिवसाची विक्री दोनदा मोजली जाईल. नवे पंचांग हाती आले की वर्षभराच्या ३६५ तिथी एकाने वाचाव्या व दुसऱ्याने उतरवाव्या. एका दुपारचे काम आहे.