कोरड्या मुलखातील वल्ही

समुद्रकाठच्या मुलास वल्हे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मालवण, दाभोळ किंवा वसई येथील कोळ्याच्या अंगणात ते भिंतीला टेकून उभेच असते. परंतु सह्याद्रीचा घाट चढून देशावर आले, की पाण्याची कथा निराळी होते. येथील नदी आषाढ-श्रावणात दुथडी भरून वाहते आणि चैत्र-वैशाखात तिच्या पात्रात वाळू तेवढी उरते. अशा मुलखात नौका वल्हविण्याच्या शर्यती व्हाव्यात आणि त्यासाठी एखादे मंडळ स्थापन व्हावे, ही कल्पना ऐकून प्रथम कोणालाही हसू येईल. तथापि, या हसण्यास उत्तर देणारी उदाहरणे आपल्या देशातच घडलेली आहेत.

शर्यतीची नौका ही मासेमारीच्या होडीहून अगदी वेगळी असते. एकट्याने वल्हवावयाची नौका सुमारे ८ मीटर लांब असते. पण तिची रुंदी हातभरही नसते आणि वजन अवघे १४ किलोग्रॅमच्या आसपास असते. आठ जणांची नौका सुमारे १७ मीटर लांब असते. वल्हविणाऱ्याची बैठक लहान चाकांवर पुढेमागे सरकते व त्याची पावले एका फळीला बांधलेली असतात. त्यामुळे प्रथम पायांचा, मग पाठीचा आणि शेवटी हातांचा जोर वल्ह्यास मिळतो. पाहणाऱ्यास वाटते की सारे काम दंडाचे आहे. वस्तुतः निम्म्याहून अधिक काम पायच करतात. आणखी एक गंमत अशी, की वल्हविणाऱ्याची पाठ नेहमी मुक्कामाच्या दिशेला असते. कोठे जावयाचे ते त्याला दिसत नाही; किती आलो तेवढे दिसते. मोठ्या नौकेत सुकाणू धरणारा एक गडी मात्र पुढे पाहत असतो. तो एकही वल्हे मारीत नाही. परंतु आठ जणांचा श्वास आणि आठ वल्ह्यांचा ठेका तोच जुळवून आणतो. एकट्याने कितीही जोर केला, तरी ठेका चुकला की नौका डगमगते. या खेळात दांडग्यापेक्षा जुळवून घेणाऱ्याचे मोल अधिक आहे, ते याचसाठी.

या खेळाला आजचे स्वरूप इंग्लंडात आले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची पहिली शर्यत १८२९ मध्ये झाली. तेथून इंग्रजांबरोबर तो हिंदुस्थानात आला. कलकत्त्यास १८५८ मध्ये आणि पुण्यास १८६८ मध्ये नौकामंडळे निघाली. परंतु आरंभी त्यांत साहेबांचाच वावर होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने १९२८ मध्ये आपले नौकामंडळ सुरू केले, तेव्हा मुळा-मुठेच्या संगमाजवळ विद्यार्थ्यांच्या हाती वल्ही आली. पुढे १९७६ मध्ये भारतीय नौकानयन महासंघ स्थापन झाला आणि हा खेळ देशभर नेण्याच्या प्रयत्नास संघटित रूप आले.

१९८२ मध्ये दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्या वर्षी नौकानयनाचा या स्पर्धांत प्रथमच समावेश झाला. शर्यतीचे स्थान कोणते? जयपूरजवळचे रामगढ सरोवर! राजस्थानासारख्या वाळूच्या प्रदेशात आशियातील वल्हेकरी जमले होते. या सरोवराच्या बंधाऱ्याचे काम महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांच्या काळात १८९७ मध्ये सुरू झाले. जयपूरकरांची तहान भागविणाऱ्या या पाण्यावर त्या वर्षी देशोदेशींच्या नौका धावल्या. त्याच राजस्थानातील सीकर जिल्ह्याचे बजरंगलाल ताखर या जवानाने पुढे २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धांत एकेरी शर्यत जिंकून भारताला नौकानयनातील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

पण रामगढची कथा येथेच संपत नाही. सरोवरास पाणी पुरविणाऱ्या ओढ्यांच्या वाटेवर बांध पडले, अतिक्रमणे झाली. पाण्याची वाट अडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस सरोवर आटत गेले आणि जेथे नौका धावल्या होत्या, तेथे जमिनीला भेगा पडल्या. सरोवर एका दिवसात आटले नाही. दरवर्षी थोडे थोडे पाणी कमी येत होते, आणि ते कमी का येते याचा शोध वेळीच घेतला गेला नाही. नवे नौकामंडळ काढू पाहणाऱ्याने सर्वांत आधी लक्षात ठेवावा असा हा धडा आहे. नौका विकत घेता येते, वल्हे घडविता येते. पाणी मात्र राखावे लागते.

म्हणून नव्या मुलखात मंडळ काढावयाचे झाल्यास पहिले काम पाण्याची पाहणी हे होय. मोठ्या शर्यतीस २००० मीटर सरळ जलमार्ग लागतो. नवशिक्यांना त्याहून पुष्कळ कमी पाणी पुरते. परंतु ते वर्षातून किती महिने टिकते, वारा कोणत्या प्रहरी सुटतो, बुडालेली खोडे व जुन्या विहिरींचे कठडे कोठे आहेत, हे जाणून घ्यावे लागते. या गोष्टी तेथील मासेमार जितक्या जाणतो, तितक्या कोणताही नकाशा जाणत नाही. त्याची जाळी सांभाळून नौका न्यावी, त्याचा सल्ला घ्यावा आणि धरणाचे पाणी असल्यास पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी. दुष्काळाच्या वर्षी पाणी प्रथम माणसांचे, मग गुराढोरांचे आणि पिकांचे. त्या वर्षी नौका काठावर उपड्या घालून ठेवणे हाच मंडळाचा धर्म होय. तेव्हाही शिक्षण थांबत नाही. सरकती बैठक असलेल्या यंत्रावर जमिनीवरच वल्हविण्याचा सराव करता येतो.

दुसरे काम सुरक्षिततेचे. ज्यास पोहता येत नाही, त्याला कितीही हौस असली तरी नौकेत बसवू नये. नौका उलटल्यावर काय करावे, हे ती उलटण्यापूर्वीच शिकवावे लागते. नियम साधा आहे: नौका सोडावयाची नाही. ती बुडत नाही, तरंगत राहते. तिला धरून राहावे आणि मदतीची हाक द्यावी. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघणारा दमतो. काठावर एक वही असावी. कोण किती वाजता पाण्यात उतरला आणि किती वाजता परतला, याची नोंद तीत रोज व्हावी. संध्याकाळी वहीतील एक नाव जरी परत आलेले नसेल, तरी कोणी घरी जाता कामा नये.

तिसरे काम माणसांचे. पहिल्या दिवशीच अरुंद, चपळ नौका आणल्यास नवशिके पाण्यात पडतात आणि पुन्हा येत नाहीत. आरंभी रुंद व स्थिर नौकाच बऱ्या. शिकविणारा अनुभवी असावा. नौका पाण्यात सोडणे, धुणे, पुसणे ही कामे सर्वांनी मिळून करावीत. जो नुसताच बसतो आणि नौका उचलण्यास हात लावीत नाही, त्याला ठेका कधी सापडत नाही, असा अनुभव आहे.

एवढे सारे करून कोरड्या मुलखातील मुलाच्या हाती काय लागते? याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात मिळते. तळेगाव रोही हे तेथील टंचाईग्रस्त गाव. दत्तू भोकनळ हे तेथील एका गरीब घरातले. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. पाण्यासाठी खडक फोडणाऱ्या घरातील हा मुलगा पाण्यावर नाव काढील, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. वडिलांच्या निधनानंतर २०१२ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि तेथे त्यांच्या हाती प्रथम वल्हे आले. चारच वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताच्या वतीने नौकानयनात उतरणारे ते एकमेव खेळाडू होते. घरी आई गंभीर आजारी असताना त्यांनी एकेरी शर्यतीत तेरावे स्थान मिळविले.

२०१८ च्या आशियाई स्पर्धांत त्यांची खरी परीक्षा झाली. अंगात बळ नसताना एकेरीच्या अंतिम शर्यतीत ते सर्वांत मागे राहिले. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या शर्यतीत त्यांना पुन्हा उतरावयाचे होते. स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग या सोबत्यांसह ते नौकेत बसले, चौघांची वल्ही एका ठेक्यात पडली आणि भारतास सुवर्णपदक मिळाले. काल एकट्याने जे साधले नव्हते, ते आज चौघांनी साधले.

तळेगाव रोहीला नदीकाठचे नौकामंडळ नव्हते. ज्या मुलाला ते सैन्यात गेल्यावर गवसले, तो पुढे गेला. ज्यांना ते कोठेच गवसले नाही, अशी किती मुले असतील, याची गणती कोण करणार? नव्या मुलखात नौकामंडळ काढणारी माणसे या न मोजलेल्या मुलांसाठीच झटत असतात. वल्हेकऱ्याप्रमाणे त्यांनाही पुढचा मुक्काम दिसत नाही. ठेका न सोडता वल्हे मारीत राहणे, एवढेच त्यांच्या हाती असते. आणि तेवढ्यानेच नौका पुढे जाते.

स्वाध्याय

१. मासेमारीची होडी आणि शर्यतीची नौका यांतील फरक सांगा.
२. रामगढ सरोवराच्या कथेतून कोणता बोध मिळतो?
३. ‘नौका उलटल्यावर काय करावे, हे ती उलटण्यापूर्वीच शिकवावे लागते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावाजवळील नदी, तलाव किंवा धरण यांची पाहणी करा आणि तेथील पाणी वर्षातून किती महिने टिकते, याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.