विषाद आणि मनाची ओळख

विषाद हा शब्द आपणांस गीतेच्या पहिल्या अध्यायामुळें परिचित आहे. रणांगणावर अर्जुनाचीं गात्रें शिथिल झालीं, तोंडास कोरड पडली, धनुष्य हातांतून गळूं लागलें; आणि विशेष हें कीं, आपणांस काय होत आहे तें त्यानें स्वतःच श्रीकृष्णास सांगितलें. त्याचें बोलणें पुरें होईपर्यंत श्रीकृष्णानें उपदेशास आरंभ केला नाहीं.

सांगणारा आणि ऐकणारा अशी ही जोडी इ. स. २०२० मध्यें कोरोनाच्या साथीनें अनेकांची तोडली. मार्च महिन्यांत लोकल गाड्या थांबल्या. शिरगांव, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथून कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींस गाडी ही केवळ प्रवासाची सोय नसते. घरीं न सांगतां येणारें दुःख डब्यांत उभ्या उभ्या मित्रापाशीं बोललें जातें. सर्वसाधारण उतारूंस ठराविक वेळीं गाडी पुन्हां मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजीं, आणि तीही एप्रिलांत बंद झाली. लहानशा घरांत आईबाप, भावंडें व सर्वांत मिळून एक मोबाईल अशा स्थितींत कित्येकांचे वर्ग भरले. कोणाच्या वडिलांचें काम गेलें, कोणाच्या घरचें माणूस गेलें. त्यांतच शेवटच्या वर्षाची परीक्षा लोंबकळत राहिली. राज्य सरकार ती नको म्हणे, विद्यापीठ अनुदान आयोग हवी म्हणे. अखेर २८ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं असा निकाल दिला. अभ्यास धरावा कीं सोडावा हेंच महिनेच्या महिने कळेना, तेव्हां तरुण मनें खचलीं यांत नवल कसलें?

पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९० सालीं ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना मांडली. आपल्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणें, त्यांतील भेद जाणणें व त्या ज्ञानानें विचार आणि आचरण यांस वळण देणें, असा तिचा अर्थ. भावना दाबणें म्हणजे ही बुद्धि नव्हे. पुष्कळांचा तसा गैरसमज असतो.

“कंटाळा आला,” असें मुलगा म्हणतो. या एका शब्दाखालीं किती निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात! फी भरली गेली नाहीं याची लाज, आजोबांचें अखेरचें दर्शन झालें नाहीं याचा शोक, पुढें नोकरी मिळेल काय ही भीति, किंवा वडिलांवरचा राग. भीतीस खरी माहिती हवी असते. शोकास रडूं देणारी सोबत हवी असते. लाज एका विश्वासू माणसापाशीं बोलतांच निम्मी होते. नांव चुकलें कीं उपायही चुकतो. शोकांत बुडालेल्या मुलास वेळापत्रक आंखून देणें हें त्यांतलेंच. ही ओळख सरावानें वाढते, व ती शाळेच्या वयांतच लागावी.

मात्र भावनिक बुद्धिमत्ता ही विषादरोगावर रामबाण मात्रा आहे, असें कोणीं समजूं नये. दुःख आणि रोग यांत अंतर आहे. दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणें अथवा कशांतच गोडी न वाटणें, आणि त्याबरोबर झोप व भूक बिघडणें, चित्त न लागणें, आपण निरुपयोगी आहों असें वाटणें, मरणाचे विचार येणें, अशीं लक्षणें दिसलीं तर डॉक्टरास दाखविलें पाहिजे. टायफॉइडच्या रोग्यास “मन घट्ट कर” असें आपण सांगत नाहीं. आणि मरणाचा विचार एकदांही बोलून दाखविला, तर दोन आठवडे मोजीत बसूं नये. त्यास एकटें न ठेवतां त्याच दिवशीं मदत मिळवावी.

पालकांस एक विनंती. मूल बोलूं लागलें म्हणजे “आमच्या वेळीं याहून हाल होते,” हें वाक्य गिळून टाकावें. तें खरें असेल, पण त्यानें बोलणें तेथेंच थांबतें. घरांत बोलणें शक्य नसेल, तर सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथें रात्रंदिवस, विनामूल्य व मराठींतूनही बोलतां येतें.