घरबसल्या बाजार व गिऱ्हाइकाची पारख



वर्सोवा, म्हणजे आपलें जुनें वेसावें, येथील मासळीबाजारांत सकाळीं येणारें जाणतें गिऱ्हाईक तुम्हीं लक्षपूर्वक पाहिलें आहे काय? तें माशाचा कल्ला उचलून आंत लाली आहे कीं नाहीं हें पाहतें, डोळा स्वच्छ आहे ना हें निरखतें, बोटानें दाबून मांस घट्ट असल्याची खात्री करतें, आणि मगच मावशीशीं घासाघीस आरंभितें. शिळा मासा ताजा म्हणून दिला, तर उद्यां तेंच गिऱ्हाईक आपल्या पाटीपुढें जाब विचारावयास येईल, हें मावशीही जाणून असते. माल, विकणारा व घेणारा हे तिघे एके ठिकाणीं असतात, यांतच या बाजाराचें बळ आहे.

दुरून माल मागविण्याची कल्पना कांहीं नवी नव्हे. आपल्या देशांत डाकखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. पोस्टमन पार्सल घेऊन दाराशीं येई, पैसे घेई, व डाकखातें ते विकणाऱ्याकडे पोंचतें करी. घेणारा व विकणारा एकमेकांस ओळखत नसत. परंतु दोघांचाही डाकखात्यावर भरंवसा असे. मात्र पार्सलांतील माल चांगला निघेल, अशी हमी तें खातें देत नसे. हा भेद ध्यानांत ठेवा; पुढील सर्व विवेचनाचें मूळ त्यांत आहे.

फ्लिपकार्टनें २००७ सालीं बंगळूर येथें आरंभ केला, व ॲमेझॉननें २०१३ सालीं भारतांत आपला ऑनलाइन बाजार उघडला. २०१६ सालीं यूपीआय ही पद्धत निघाली, व एका बँकेच्या खात्यांतून दुसऱ्या बँकेच्या खात्यांत पैसे क्षणांत जाऊं लागले. मासेवालीच्या पाटीजवळ जो ठिपक्यांचा चौकोन दिसतो, तो क्यूआर कोड १९९४ सालीं जपानांतील डेन्सो कंपनींत मोटारीच्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं निर्माण झाला. त्याच्या तीन कोंपऱ्यांतील मोठ्या चौकोनांवरून यंत्रास त्याची दिशा कळते. म्हणून तो उलटा धरला तरी वाचतां येतो. पैसे कोणाच्या खात्यांत जावयाचे, एवढेंच तो सांगतो. समोरचा मनुष्य प्रामाणिक आहे किंवा नाहीं, हें तो सांगूं शकत नाहीं.

गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईस अनोळखी माणसाचा फोन आला. कार्यासाठीं पुष्कळ पापलेट हवें आहे, आगाऊ रक्कम मिळण्यासाठीं हा कोड वाचवून पिन घाला, असें त्यानें सांगितलें. त्या माउलीनें तसें केलें, आणि तीन दिवसांची कमाई गेली. मित्रहो, पिन ही आपली सही होय. पैसे देणाऱ्यास सही करावी लागते, घेणाऱ्यास नाहीं. एवढें एक वाक्य घरोघरीं कळलें असतें, तर ती हानि टळती. अशी फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकास कळवावें.

पुढील काळ याहून विलक्षण आहे. आपण काय पाहिलें, कोठें थांबलों, याची नोंद दुकानाचें यंत्र ठेवतें व त्यावरून पुढील वस्तु सुचवितें. आतां तर आपल्यासाठीं वस्तु निवडणारी व पैसेही चुकते करणारी कृत्रिम बुद्धि तयार होत आहे. ‘दोनच नग उरले’ अशी खोटी घाई लावून गिऱ्हाइकास भुलविण्याचे प्रकारही निघाले. केंद्र सरकारनें २०२३ सालीं अशा १३ फसव्या युक्त्या नांवानिशीं नमूद करून त्यांस मनाई केली. परंतु कायदा नेहमीं अपराधाच्या मागून चालतो.

तेव्हां ऑनलाइन खरेदी टाकून द्यावी काय? मुळींच नाहीं. अंथरुणास खिळलेल्या वृद्धास तिच्यायोगें औषध घरीं मिळतें, व खेड्यांतील मुलास शहरांतील ग्रंथ मिळतो. मात्र यंत्र पैसा नेतें, माल आणतें, आणि पारख आपल्यावरच सोडतें. म्हणून कोणतीही वस्तु मागविण्यापूर्वीं विचारा: विकणारा कोण? माल परत घेण्याचा नियम काय? आणि ही वस्तु मला हवी आहे, कीं कोणीं मला हवीशी करून दिली आहे?

बाजार आतां आपल्या तळहातावर आला आहे. तेथेंही कल्ला उचलून पाहण्याची संवय सोडूं नका.